बाराव्या तळटीपेचा आधार

पुण्याच्या इतिहास मंडळाचं पत्र आषाढात आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. लिहायला बसलोच नाही असं नव्हे. रोज सकाळी दौत उघडायचो, "कृपापत्र पावले" एवढं लिहायचो आणि पुढे काय लिहावं ते न कळून कागद बाजूला सारायचो.

पत्रात लिहिलं होतं की राजगडाखालच्या धनगरवाड्यांवरचा माझा निबंध मंडळाने त्रैमासिकासाठी पसंत केला आहे. "मात्र तळटीप बारामध्ये आधार म्हणून दिलेला मूळ कागद आम्ही पाहिलेला नाही. तो पाहण्यास धाडावा. ते न जमल्यास तो कोणाच्या ताब्यात व कोणत्या स्थितीत आहे, हे स्वहस्ताक्षरात कळवावे. अन्यथा तळटीप व तिच्यावरील विधान, दोन्ही गाळावी लागतील."

यात रागावण्यासारखं काही नव्हतं. भोरच्या शाळेत मी आयुष्यभर मुलांना हेच सांगत आलो, की म्हणतोस ते कशावरून म्हणतोस ते सांग. निबंधाचा वरचा मजकूर लिहिताना मला घाम फुटतो. तिथं ठामपणे बोलावं लागतं आणि ते मला कधी जमलं नाही. पण खाली रेघ मारून बारीक अक्षरात कुठला कागद, कोणाच्या घरी, कोणत्या मितीचा हे लिहायला लागलो की हात सरळ चालतो. शेवटी जोडलेली संदर्भग्रंथांची यादी तर मी तीनदा उतरवून काढली होती. पहिल्यांदाच माझं काही छापलं जाणार होतं, तेही अडुसष्टाव्या वर्षी.

बाराव्या तळटीपेतला कागद मला फार वर्षांपूर्वी मिळाला होता. राजगड उतरताना पाली गावाच्या वरच्या अंगाला एका धनगरवाड्यावर ताक प्यायला थांबलो. मी जुने कागद वाचतो हे कळल्यावर ताक देणाऱ्या सोजराबाईंच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्यानं, आढ्यातून बांबूची नळी काढली. आत मोडी लिपीतला कागद होता. वाड्यानं गडावर दूधतूप पोचवावं आणि त्याबदल्यात निवळीच्या माळावर त्यांची गुरं बिनहरकत चरावीत, हे लेकराचे लेकरी चालवावे, असा मजकूर. उंबऱ्यात बसून मी नक्कल केली. निघताना म्हणालो, "हा कागद देवासारखा जपा."

मालक पुढे वारले. या वर्षी निवळीच्या माळावरचं गवत लिलावात निघायचं ठरलं. ठेकेदार माळाला काटेरी कुंपण घालणार होता. तो माळ गेला तर वाड्यातल्या गाईम्हशींना दुसरं रान नव्हतं. सोजराबाईंचा मुलगा हैबती लिलावाच्या कचेरीत गेला, तेव्हा तिथले साहेब बरे निघाले. म्हणाले, मास्तरांचा लेख पुण्याला छापला जातोय म्हणतोस ना, मग तो छापलेला आणून दाखव, मी तेवढा तुकडा लिलावातून वगळतो.

म्हणजे सगळं त्या बारीक अक्षरांवर येऊन ठेपलं.

भाद्रपदात उघडीप मिळाल्यावर मी निघालो. नसरापूरपर्यंत सर्विस मोटार, पुढे बैलगाडी, आणि पालीवरून हैबतीच्या खांद्यावर हात ठेवून चढण. सोजराबाई दारातच उभ्या होत्या.

"या मास्तर. लई वाळला तुमी. घरी कुनी खायाला घालत न्हाई व्हय?"

"वय झालं, बाई."

"वय आमाला बी झालंय. पर आमी दूध पितो, तुमी शाई."

हैबती हसला. मी कागदाचं काढलं. पुण्याच्या लोकांना तो पाहायचा आहे, म्हणालो.

"त्यांस्नी कशापायी? तुमी बघितला न्हवं?"

"माझं पाहणं त्यांना पुरत नाही."

"मग त्यांस्नी म्हनावं, चढा डोंगुर," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन देव्हारा घेऊन आल्या.

देवांच्या चांदीच्या टाकांच्या मध्ये, लाल फडक्यात, एक पिवळीधम्मक वडी होती. ओली होऊन वाळलेली, पुन्हा ओली होऊन पुन्हा वाळलेली. घड्या एकमेकींत मुरल्या होत्या. वास दुधाचा आणि हळदीचा.

"तुमी म्हनला देवागत जपा," सोजराबाई सांगत होत्या, "तवापासनं नळीत ठिवला न्हाई. दर सोमवारी देवासंगं दुधानं न्हाऊ घालतो, भंडारा लावतो. दसऱ्याला कोंबडं बी दावतो. एक सोमवार चुकला न्हाई, इचारा हैबतीला."

मी ती वडी हातात घेतली. नखानं कड उचलायला गेलो तर पिवळा भुगा पडला. शाईचा कुठं ठिपकाही नव्हता.

"वाचा की," त्या म्हणाल्या. "मालकांच्या माघारी कुनी वाचलाच न्हाई. ऐकू द्या आमास्नी."

त्या डोईवर पदर घेऊन, हात जोडून समोर बसल्या. आता या बाईला काय सांगणार? मी वडी डोळ्यांजवळ धरली आणि पाठ असलेली नक्कल म्हणून दाखवली. दूधतूप, निवळीचा माळ, लेकराचे लेकरी. त्यांनी डोळे पुसले. माझं मन मात्र भलतीकडेच धावत होतं. हे सगळं मी खरंच वाचलं होतं का? की घरी येऊन नक्कल साफ करताना एखादं वाक्य मीच पुरं केलं? ताडून पाहायला आता जगात काही उरलं नव्हतं.

अर्धा डोंगर उतरल्यावर हैबतीनं विचारलं,

"त्यात काय बी दिसत न्हवतं, व्हय ना?"

"नाही."

"मग वाचलं काय?"

"माझी नक्कल."

"मग तीच धाडा की."

"ती मीच केलेली. माझ्या शब्दाला माझाच शब्द आधार कसा होईल?"

"आमच्यात व्हतो," तो म्हणाला.

दसऱ्यानंतर मंडळाचं दुसरं कार्ड आलं. अंक छापखान्यात चालला होता, आठवड्यात उत्तर हवं होतं. लिलाव दिवाळीनंतर होता. भोरच्या बाजाराला आलेला हैबती त्याच दिवशी ओसरीवर येऊन बसला.

"मास्तर, म्या इचार केलाय. एवढंच लिवा, की कागुद देवाऱ्यात हाय आन् आई भायेर काढू देत न्हाई. ह्यात खोटं काय हाय?"

"काही नाही."

"मग लिवा. आमी थांबतो. तुमास्नी लिवायला लई येळ लागतो, ठावं हाय मला."

मी आत गेलो आणि तसंच लिहिलं. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. मंडळानं ते मानलंही असतं. देव्हाऱ्यातला कागद बाहेर न देणारी घरं पुष्कळ आहेत. सही करायची राहिली होती. तेवढ्यात मनात आलं, उद्या कोणी अभ्यासक या तळटीपेवर विसंबून तो डोंगर चढेल, सोजराबाई त्याच्यासमोर लाल फडकं उलगडतील, आणि तो हसेल. मला हसेल की त्यांना, हे मी ठरवू शकलो नाही. मंडळानं कागदाची स्थिती विचारली होती, आणि मी स्थितीबद्दल अक्षर लिहिलं नव्हतं.

तो कागद फाडला. दुसऱ्यावर सगळं लिहिलं: मूळ कागद वाचण्याजोगा राहिलेला नाही, नक्कल माझीच आहे, ती ताडून पाहण्यास साधन नाही, कागद जपणाऱ्यांनी तो माझ्या सांगण्याप्रमाणेच जपला. शेवटी विनंती केली, माळाविषयीचे विधान गाळले तरी चालेल, पण तळटीप तेवढी छापावी. रेघेच्या वर काही नसताना खाली टीप कशी छापतात, मला माहीत नाही. छापणार नाहीत.

हे मी सत्यासाठी केलं असं मला म्हणवत नाही. आयुष्यभर एक रेघ सांभाळली आणि ती ओलांडायची ताकद नव्हती, इतकंच असेल. वाड्यावरच्या गाईम्हशी माझ्या डोळ्यांसमोर होत्या, तरी हात तेच लिहीत गेला.

पाकीट घेऊन बाहेर आलो तर हैबती उभा राहिला.

"लिवलं?"

सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलंही.

"लिहिलं," एवढंच आलं.

"द्या हिकडं. तुमचं गुडघं दुखत्यात."

तरी मी त्याच्यामागून चौकापर्यंत चालत गेलो. वाटेत दोनदा त्याला हाक मारावीशी वाटली. तो पुढे, झपाझप, बाजारातून घेतलेलं मीठ खांद्यावर. टपालपेटीपाशी थांबून त्यानं पाकीट कपाळाला लावलं, आत सोडलं आणि फटीत दोन बोटं घालून ते नीट खाली गेलं ना, ते पाहिलं.