मोहनने आणलेलं झाड

"अगं, बस की जरा. सकाळपासून नुसत्या येरझाऱ्या चालल्यात तुझ्या," मोहन स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाला. "अकराला येतो म्हणालाय ना? मग अकरालाच येणार. जर्मन आहे तो."

सुलेखाचं लक्ष नव्हतं. रात्रीच्या पावसात गोगलगायींनी काय काय खाल्लं, ते ती पानं उलटून पाहत होती. पाचव्यांदा की सहाव्यांदा, तिलाच ठाऊक नव्हतं.

जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गमधल्या त्यांच्या घराची बाग उत्तरेला होती. ऊन तिकडे फिरकायचंच नाही. सुलेखाने मेथी पेरून पाहिली, गुलाब लावून पाहिले, सगळं रुसून बसलं. मग शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी, फ्राउ लिंडेमाननी, कुंपणावरून होस्टाचा एक गड्डा हातात ठेवला. "सावलीवर चिडू नका. तिला जे आवडतं ते लावा." अळूसारख्या रुंद पानांचं ते झाड. लोक ते लावतात पानांसाठीच. तो गड्डा फुटला आणि सुलेखाला वेड लागलं. निळसर पानांचे, लिंबाच्या रंगाचे, पांढऱ्या काठाचे, तळहाताएवढे, सुपाएवढे होस्टे येत गेले. प्रत्येकाचे फोटो ती लेकीला पाठवायची. म्युनिकहून तनया फोनवर हसायची, "आई, माझ्या लहानपणीचे एवढे फोटो नाहीत गं!"

मोहन या वेडापासून लांब होता. कारखान्यात गाड्यांमधले दोष शोधण्यात त्याची नोकरी सरली. बागेत तो यायचा तो खुर्ची टाकून बसायला. एकदाच, तिच्या पन्नासाव्या वाढदिवसाला, तो स्वतः दुकानात जाऊन एक होस्टा घेऊन आला होता. फिकट पिवळी पानं आणि शिरांच्या कडेने ओल्या कागदावर शाई फुटावी तसा हिरवा रंग. "अशी नक्षी कुणाकडेच नसेल बघ," तो म्हणाला होता. सुलेखाने त्याला खिडकीसमोरची जागा दिली.

आज ब्रांडेससाहेब येणार होते ते मात्र कौमुदीसाठी. होस्टा जमवणाऱ्या मंडळींत त्यांचा शब्द मोठा. कौमुदी सुलेखाने स्वतः बी पेरून वाढवलेली होती. निळी, लाटालाटांची पानं, आणि पाठीवर चांदण्यासारखी पांढरी साय. रूप उमलायला पाच उन्हाळे गेले. ब्रांडेसना पसंत पडली, तर नवीन वाण म्हणून या नावाने तिची नोंद होणार होती.

ते आले, बूट पुसून बागेत उतरले, कौमुदीसमोर गुडघे टेकून बसले. एकेक पान उलटून पाहिलं. मग म्हणाले, "काऊमुदी. सुंदर आहे, फ्राउ देवधर. खरोखर सुंदर."

सुलेखाला वाटलं, आता बसावं. पाय दुखताहेत हे तिला तेव्हा कुठे कळलं.

"आणि हे माझं!" मोहन उत्साहाने पुढे झाला. "मी आणलेलं. ही नक्षी पाहा."

ब्रांडेस उठून त्या झाडापाशी गेले. त्यांचा चेहरा बदलला. "किती वर्षं आहे हे इथे?" त्यांनी हळूच विचारलं. मग पिशवीतून द्रावणाची एक पुडी काढली, पानाचा तुकडा तीत चुरला आणि कोविडच्या टेस्टसारखी पट्टी बुडवली. दोन रेघा उमटल्या. कौमुदीच्या पानालाही दोन रेघा उमटल्या.

"विषाणू आहे," ते म्हणाले. "औषध नाही. ज्या सुरीने या झाडाचे गड्डे फोडले, तीच दुसऱ्याला लागली असेल, तर रसातून जातो. नक्षी वाटते ती, पण रोग आहे. मला वाईट वाटतं." जाताना त्यांनी सुलेखाचा हात दोन्ही हातांत धरला. नोंदीचा विषय कुणीच काढला नाही.

फाटक लागलं आणि मोहन बागेत फिरू लागला. इकडून तिकडे, तिकडून इकडे, वाट दिसत नसल्यासारखा. "मी आणला. मीच आणला घरात. आयुष्यभर दोष पकडले, आणि हा पैसे देऊन विकत आणला!"

"अहो, तुम्हाला काय माहीत?"

"माहीत नव्हतं म्हणून काय झालं?"

सुलेखा दंडाला धरून त्याला थांबवत म्हणाली, "मला एकदा शंका आली होती. डागांबद्दल कुणीतरी बोलत होतं. मी पुढे ऐकलंच नाही. तुम्ही आणलेलं एकच तर झाड होतं."

मोहन तिच्याकडे बघत राहिला. मग कुदळ आणायला गेला.

संध्याकाळपर्यंत दोघं उकरत होती. ज्यांना ज्यांना सुरी लागली होती, ती सगळी झाडं काळ्या पिशव्यांत गेली. कौमुदी सुलेखाने स्वतः काढली. मोहनने तिकडे पाठ केली होती.

"फ्राउ लिंडेमानना दिला होता ना आपण माझ्या झाडाचा फुटवा?" तो एकदम म्हणाला. "चल. आत्ताच सांगू."

"उद्या जाऊ. दमलात तुम्ही."

"नाही गं, मला झोप लागणार नाही, सुलेखा."

फ्राउ लिंडेमाननी दारातच सगळं ऐकून घेतलं. म्हाताऱ्या डोळ्यांत राग नव्हता. "तो माझ्या बागेत नाही," त्या म्हणाल्या. "मी तो माझ्या नवऱ्याच्या, वेर्नरच्या थडग्यावर लावला. त्याला पिवळा रंग आवडायचा."

"मग राहू दे," सुलेखा घाईने म्हणाली. "तिथे एकटाच आहे, राहू दे."

"नाही. शेजारच्या थडग्यांवरही होस्टे आहेत. माळी सगळीकडे एकच कात्री चालवतात." त्यांनी कोट घातला. "उजेड आहे अजून."

दफनभूमी झाडांच्या दाट सावलीत होती. वेर्नरच्या दगडापाशी होस्टा जोमाने वाढला होता, घरच्यापेक्षाही मोठा. मोहनने कुदळ टेकवली आणि थांबला. "तुम्ही म्हणाल तेव्हा," तो म्हणाला.

फ्राउ लिंडेमाननी एक पान हातात घेऊन अंगठ्याने पुसलं. "करा."

मुळं खोल गेली होती. मोहन सावकाश, कडेकडेने उकरत राहिला. सगळा गड्डा निघाल्यावर सुलेखाने पिशवीचं तोंड बांधलं आणि हातांनी माती सारखी केली. खड्डा भरला, तरी जागा ओकीबोकी दिसत होती.

फ्राउ लिंडेमान नळापाशी गेल्या. तिथली हिरवी झारी भरून, दोन्ही हातांनी तोलत परत आल्या. मोहन मदतीला पुढे झाला, पण त्यांनी मान हलवली. मग त्या रोजच्यासारख्या वाकल्या आणि रिकाम्या मातीवर, कडेपासून मधोमध, हळूहळू पाणी घालत राहिल्या.