भंडारा कुणाच्या देवाचा

बसवराजनं बिरोबाच्या देवळात भंडारा उचलला तवा मी तितंच हुते. लोकल बोर्डाची निवडणूक हुती, आन त्यो पेठेतला दुकानदार मतं मागाया आमच्या धनगरवाड्यावर आला हुता. आमच्या गावचा दवाखाना मोडून त्येच्या पेठेच्या गावी न्यायचा घाट बोर्डात शिजत हुता. आमचे मालक तात्याबा म्हनाले, "मत देतो, पर दवाखाना हलनार न्हाय अशी बिरोबाचा भंडारा उचलून शपथ घे." त्यानं मूठभर उचलला, कपाळाला बी लावला. झालं. मत शेतसारा भरनाऱ्यांनाच हुतं, ती समदी मतं त्येच्या पदरात पडली.

मला कुटलं मत? मला घोर एकच, माझी सून बनाबाई. पयल्या बाळंतपनाला माहेरी, करकंबला, तिचं लेकरू आडवं आलं. लेकरू गेलं, पर तितल्या डाक्तरनं तिला वाचिवलं. दुसरं बाळंतपन सासरीच करायचं, ही आमची रीत. आता तिचे दिवस भरत आले हुते.

निवडून येऊन म्हैना बी झाला न्हाय, तर दवाखान्याची कपाटं गाडीत चढली की. मी मालकांना आन चार जनांना घिऊन बसवराजच्या दुकानावर गेले. म्हनलं, "भंडारा उचलला हुतास न्हवं? जनाची न्हाय तर मनाची तरी ठेव."

त्यो तक्क्याला टेकून शांतपनी म्हनाला, "अंबुबाई, बिरोबा तुमचा देव. आमी लिंगायत. माझ्या गळ्यातल्या लिंगावर हात ठिवाया तुमी कवा सांगितलंत?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. आमी लई येडी, आमच्या देवाला समदं जग भितंय असं धरून चाललो. म्या मालकांकडं बगितलं, आता तरी बोलतील म्हून. त्येंनी मुंडी खाली घातली. "त्येचं बी खरंच हाय. चुकलं आपलंच," म्हनाले. बाकीच्यांनी माना हलिवल्या. परक्यानं दगा दिला त्येचं येवढं न्हाय वाटलं, पर घरच्या मानसानं त्यो मुकाट गिळला, ते काळजाला लागलं.

घरी मालकांनी सुनंला समदं सांगितलं. तिनं पदर सावरत ऐकून घेतलं.

"मामंजी, मला करकंबला धाडा."

"अगं, रीत सोडून? आन घाबरतीस कशाला, मी हाय की हितं."

"तुमी हाय, म्हून तर," बनाबाई म्हनाली.

मी तिचं गठुडं बांधाया घेतलं.