दोन दारांची गाडी

सिन्नरच्या मिस्त्रीने गाडीच्या इंजिनवरचं टॅपेट कव्हर उचलून बाजूला ठेवलं. देवराम पगार वाकून आत पाहू लागला. करपलेल्या तेलाचा वास नाकात शिरला. मिस्त्रीने फडक्याने हेडचा एक बोल्ट पुसला, मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येकाच्या डोक्यावर नखपॉलिशचा एक ठिपका होता. तेलाने काळवंडलेला, पण लाल.

"साहेब, हे आधी कुणीतरी उघडलंय," मिस्त्री म्हणाला. "माणूस कामाचा पक्का दिसतोय. आवळलेला बोल्ट कळावा म्हणून खूण करून ठेवलीय."

ती खूण देवरामनेच शिकवलेली होती. तो सिन्नरच्या एका कंपनीत क्वालिटी सुपरवायझर. तिथे आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर रंगाचा ठिपका देण्याचा नियम होता. पंधरा वर्षांपूर्वी नाशिकच्या द्वारका चौकातल्या गॅरेजात चहा पिता पिता तो आपल्या मिस्त्री मित्राला, भिकनला, म्हणाला होता, रंग नसला तर वहिनींची नखपॉलिश घे. तेव्हापासून सगळ्या नाशकात बोल्टला नखपॉलिश लावणारा मिस्त्री एकच.

"हेड तापून वाकलं होतं. घासून परत बसवलंय," मिस्त्री सांगत होता. "असं इंजिन गावातल्या गावात चालून जातं. घाट चढून रोज यायचं-जायचं म्हटलं, की संपलं. घेतली कधी तुम्ही?"

"दिवाळीनंतर," देवराम म्हणाला. आता जानेवारीचा तिसरा आठवडा होता, आणि मधल्या काळात गाडीचं बॉनेटसुद्धा भिकनशिवाय कुणी उघडलं नव्हतं.

गाडी तशी त्याच्या आवाक्यातली नव्हतीच. इंग्लंडहून परत आलेल्या एका डॉक्टरांनी सोबत आणलेली, काळी, बुटकी, दोन दारांची. सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन. पाय दाबला की पाठ सीटला चिकटायची. इंदिरानगर ते सिन्नर, जाऊन-येऊन साठ किलोमीटर, त्याने वीस वर्षं, आधी मोटारसायकलवर आणि मग कंपनीच्या बसमध्ये काढले होते. आयुष्यभर नाकासमोर चालणाऱ्या माणसाला पन्नाशीला आल्यावर एकदा वाकडं चालावंसं वाटलं, इतकंच. लोकांना मात्र तो सांगे, "डिझेल आहे हो, रोजच्याला परवडतं." असला हत्ती रोजच्याला परवडतो म्हणणाऱ्याकडे लोक कसं बघतात, तसंच लोक त्याच्याकडे बघत.

बायकोने, ज्योत्स्नाने, एवढंच विचारलं होतं, "अहो, भिकनभाऊंना नीट विचारलंत ना?"

तो चिडला होता. "भिकनला विचारायचं? परका आहे का तो?"

परका कसला! दोघे सटाण्याजवळच्या एकाच गावचे, एकाच बाकावर बसलेले. देवरामसाठी ज्योत्स्नाला पाहायला पहिल्यांदा भिकनच गेला होता. शेताच्या वाटणीत धाकटा भाऊ आणि देवराम यांच्यामध्ये तोच बसला होता, आणि इंदिरानगरचा फ्लॅटही त्याच्याच ओळखीने मिळाला. द्वारकेवर तर भिकनचं नाव होतं. जुनी गाडी घ्यायची, तर लोक ती आधी त्याच्याकडे आणायचे. "भिकनभाऊ, खरं सांगा," एवढं म्हणायचं. मग समोर विकणारा उभा असला तरी भिकन खोटं बोलायचा नाही. त्यापायी त्याचे कितीतरी सौदे हातचे गेले होते.

डॉक्टरांच्या बंगल्यावर दोघे गाडी पाहायला गेले त्या दिवशी देवरामच्या खिशात सत्तावीस मुद्द्यांची यादी होती. कंपनीत दहा रुपयांचा वॉशरही तो मोजल्याशिवाय घ्यायचा नाही. ही तर गाडी. त्याने यादी बाहेर काढली. भिकन शेजारी उभा होता. दोघेच असले की ते गावाकडची अहिराणी बोलत.

"मी पाहेल शे," भिकन म्हणाला.

भिकनने गाडी पाहिलीय म्हटल्यावर देवरामला आपल्या हातातल्या कागदाची लाज वाटली. आपल्या माणसासमोर यादी काय उघडायची? त्याने ती घडी घालून परत खिशात टाकली.

गाडी सिन्नरच्या मिस्त्रीकडेच ठेवून देवराम एसटीने द्वारकेला आला. अर्धा तास उभ्यानेच आला आणि वाटभर भिकनची बाजू मांडत राहिला. डॉक्टरांनी भिकनलाही फसवलं असेल. त्याच्या हाताखालच्या कारागिरानेच इंजिन उघडलं असेल. ठिपके दुसऱ्याच कुणाचे असतील. नाशिकरोड मागे पडलं तेव्हा यातलं काहीच उरलं नव्हतं.

भिकन एका जीपखाली होता. देवरामचे बूट ओळखून तो सरपटत बाहेर आला, आणि चेहरा पाहून उठून उभा राहिला.

"हेड तू उघडलं होतंस," देवराम म्हणाला.

भिकन फडक्याला हात पुसत राहिला. हात स्वच्छ झाले तरी पुसत राहिला.

"हो. गणपतीत."

"वाकलेलं होतं?"

"वाकलेलं होतं."

"रोज घाटातून जाणार म्हणून मी तुला सांगितलं होतं."

"सांगितलं होतं." भिकन खालच्या आवाजात, शहरातल्या मराठीत बोलत होता. गिऱ्हाइकाशी बोलायचा तसा. देवरामच्या ते लक्षात आलं, आणि वाकलेल्या हेडपेक्षा तेच जास्त लागलं.

"केसाने गळा कापलास माझा."

"डॉक्टरांनी उज्वलाचं ऑपरेशन केलं होतं, एक पैसा न घेता," भिकन म्हणाला. उज्वला त्याची मुलगी. "त्यांना गाडी काढून टाकायची होती. तुझ्याआधी तीन जण आले. तिघांनी विचारलं, भिकनभाऊ, खरं सांगा. मी तिघांना सांगितलं. तिघेही गेले."

"आणि मला?"

"तू विचारलं नाहीस."

रस्त्यावर एक ट्रक हॉर्न वाजवत वळला. देवराम एक पाऊल पुढे आला.

"विचारायचं?" देवरामचा आवाज चिरकला. "तुला? तुला विचारायचं म्हणजे तुझ्यावर भरवसा नाही, असंच झालं असतं ना!"

"मी वाट पाहिली, देवा. बंगल्यावर तू कागद काढलास तेव्हा वाटलं, आता विचारेल. विचारलं असतंस तर सांगितलं असतं. आईची आण." भिकन मान खाली घालून बोलत होता, पण त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. ते देवरामला कळत होतं. द्वारकेवरच्या कुणालाही कळलं असतं. "तू घडी घातलीस. मग मीही गप बसलो."

देवरामला त्याच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. त्याऐवजी तो जीपच्या मडगार्डवर हात टेकून उभा राहिला. चाळीस वर्षांत आपण या माणसाला एकदाही "खरं सांग" म्हटलं नव्हतं. त्याचा केवढा अभिमान होता! अनोळखी माणसाला जे नुसतं मागून मिळालं, ते आपण मागितलंच नाही, कारण आपण जवळचे.

हळूहळू त्याच्या मनात दुसरंच काही येऊ लागलं. ते नको म्हणून त्याने मान हलवली, तरी ते जाईना.

"भिकन."

"हं."

"चाळीस वर्षांत मी तुला आणखी काय काय विचारलं नाही?"

भिकनने लगेच "काही नाही" म्हणायला हवं होतं. देवराम त्या दोन शब्दांसाठी थांबला. समोर पंक्चरवाल्याचा पंप सुरू झाला, बराच वेळ चालला, आणि बंद झाला.

भिकनने कोपऱ्यातलं लोखंडी स्टूल ओढलं. खांद्यावरच्या फडक्याने ते पुसलं, आणि देवरामच्या पुढ्यात ठेवलं.

"बठ," तो म्हणाला.