छताखालची फट

बाबांनी आखलेलं चर्च पाडू नये म्हणून मी जिवाचा आटापिटा करत होते, आणि ते पाडाच म्हणून हटून बसलेले एकटे बाबा होते. आता बोला!

चर्च बरीच वर्षं रिकामं पडलं होतं. तिथे वाचनालय करायचं काम माझ्याकडे आलं. मीही बाबांसारखीच आर्किटेक्ट. वाचनालयाच्या समितीला ते उघडं काँक्रीट, ते घडी घातलेल्या कागदासारखं छत आवडायचं. पण ज्याने बांधलं तोच नको म्हणतोय, तर ठेवायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. एका दुपारी बैठक ठरली होती आणि बाबा तिथे बोलणार होते.

"ते माझं चर्च नाहीच," हे बाबांचं पालुपद. नकाशात पूर्वेची भिंत आणि छत यांच्यामध्ये काचेची लांबलचक फट होती, छत अधांतरी वाटावं म्हणून. चर्च नवं असताना एकदा पाद्रीबाबा घरी आले. तक्रारच असणार, म्हणून बाबा मागच्या दाराने सटकले. थोड्याच दिवसांत फट विटांनी बुजवलेली दिसली. तेव्हापासून बाबांनी पाद्रीबाबांशी बोलणं टाकलं आणि चर्चची पायरीही चढले नाहीत. पाद्रीबाबा जाऊनही आता जमाना झाला.

मग मी जपायचं तरी काय? बाबांच्या कागदावरचं चर्च, की लोक जिथे बसले-उठले ते? माझं डोकं चालेना. आईला विचारलं तर म्हणाली, "मी तुझ्या बाबांना जपतेय, तेवढं पुरे आहे."

शेवटी गवंड्याकडून फटीतल्या विटांची वरची ओळ काढून घेतली आणि बैठकीच्या दिवशी सकाळीच बाबांना तिथे नेलं. ते पुढच्या बाकावर बसले. समोरच्या इमारतीमागून ऊन वर आलं, फटीतून आत शिरलं, आणि छत खरंच भिंतीवरून सुटल्यासारखं दिसलं. मला भरून आलं.

"बघ," बाबा म्हणाले. "मी काय म्हणत होतो?"

तेवढ्यात ऊन थेट त्यांच्या डोळ्यांत आलं. त्यांनी हात आडवा धरला. जरा सरकले. आणखी सरकले. बाक संपला, ऊन संपेना. गवंड्याने मुकाट्याने आपली टोपी पुढे केली. बाबांनी ती घातली.

"प्रार्थना कधी असायची?"

"याच वेळेला," मी म्हणाले.

त्यांनी टोपी कपाळावर ओढली. मग म्हणाले, "पाद्रीबाबा घरी आले होते, ते कशासाठी?"

मला कुठून माहीत असणार? आईला फोन लावला आणि त्यांच्या कानाशी धरला. आईचा आवाज मलाही ऐकू येत होता. "विचारायला आले होते. फटीला पडदा लावला तर तुम्हाला चालेल का म्हणून. मी तेव्हाच सांगत होते, तुम्ही ऐकून घेतलंत का? त्यांचं नावही काढू देत नव्हतात."

बाबांनी फोन मला परत दिला. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटत होतं.

"ताई, विटा परत बसवू का?" गवंड्याने विचारलं.

मी बाबांकडे पाहिलं. बैठकीत काय सांगणार, हेही विचारायचं होतं.

"पाडू नका म्हणून सांगतो," ते आपणहून म्हणाले. "पुढचं मला काही कळत नाहीये." टोपीखालून ते वर त्या उजेडाकडे बघत होते. मग अगदी हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "पडदा लावला तर चालेल का?"

मी चालेल म्हणाले. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते.