नवसाचं लोणी

"म्हशीचं लोणी म्हशीलाच चारा. तिला तरी ग्वाड लागंल."

रतन ताटलीत बोट फिरवत पुटपुटली, आणि चुलीपाशी बसलेल्या अंबूबाईला ते नीट ऐकू आलं. सहा वर्षांची पोर, पण कुरकुर साठ वर्षांच्या म्हातारीची. ताटलीत लोण्याचा गोळा, त्यावर साय, कडेला चिमटीभर माठाची भाजी आणि एक उकडलेलं अंडं. शेजारी बाप, चुलता आणि थोरली बहीण फुला नाचणीची भाकरी कुस्करत बसलेली. भाकरीचा वास काही ताटापुरता राहत नाही.

"पाच म्हशी दावणीला, आन् माझी भाकरी कोरडी," अंबूबाईचा नवरा रखमाजी म्हणाला. तो हे रोजच म्हणायचा.

"तुमाला बी तीन दिस उपाशी ठिवते, मग लोणीच देते. चालंल?" अंबूबाईनं विचारलं. त्यानं भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या सोंडेवर बारा-पंधरा घरांची वाडी. त्यात रखमाजी आणि त्याचा धाकटा भाऊ रायबा यांचं एकत्र खटलं. अंबूबाईला मूलबाळ नव्हतं. धाकट्या जावेच्या, कमळाबाईच्या, दोन्ही पोरी तिच्याच मांडीवर वाढलेल्या. फुला पंधराची झाली तरी डोकं अंबूबाईकडूनच विंचरून घ्यायची, आणि रतन तिला मोठी आई म्हणायची.

रतनला ते यायचं. घरात त्याला नावच नव्हतं. "आज ते आलं का", "दोनदा आलं", एवढंच बोलायचं, तेही दार लोटून. डोळे वर फिरायचे, अंग ताठ व्हायचं, तोंडाला फेस यायचा. दिवसातून पाच-पाच वेळा. नाकाला कांदा लावून झाला, वहाण हुंगवून झाली. देवऋषी आला आणि दोन कोंबडे घेऊन गेला. कोंबडे गेले, ते राहिलं.

शेवटी दोघी जावा पोरीला पाठुंगळी मारून दीड दिवसाची वाट चालत भोरला गेल्या. बाजारपेठेत एक डॉक्टर होते, मुंबईला शिकून आलेले. त्यांनी सांगितलं, की परमुलखात अशा पोरांना आधी उपाशी ठेवतात आणि मग नुसत्या लोण्या-तुपावर वाढवतात. धान्य नाही, गूळ नाही, फळ नाही. का गुण येतो ते मलाही पुरतं ठाऊक नाही, पण येतो, असं ते म्हणाले. डॉक्टर असून ठाऊक नाही म्हणाले, म्हणून अंबूबाईचा त्यांच्यावर विश्वास बसला.

दवाखान्याच्या पडवीत तीन दिवस रतन पाण्यावर राहिली. पहिल्या दिवशी रडली, दुसऱ्या दिवशी भांडली, तिसऱ्या दिवशी नुसती पडून राहिली. कमळाबाई नदीवर जाऊन बसायची, कारण पोर खायला मागते आणि आईनं नाही म्हणायचं हे तिच्यानं होईना. नाही म्हणायला अंबूबाई होती. तिला सगळं जमतं असं घरात सगळेच धरून चालत, आणि तीही.

निघताना डॉक्टरांनी एक लहानशी तागडी दिली, लोणी किती आणि भाजी किती ते तोलायला. आणि बजावून सांगितलं, "हे एकट्या घराचं काम नाही. वाडीत सगळ्यांना सांगा. शेजारणीला, गुरवाला, गुरांमागच्या पोरांना. कुणी मायेनं चिमूटभर गूळ हातावर ठेवला, तरी केलेलं सगळं वाया जाईल."

सगळं केलं, तेवढं एक केलं नाही.

परतीच्या वाटेवर ओढ्याला पाणी प्यायला बसल्या, तेव्हा अंबूबाईनं जावेला समजावलं. फुलासाठी कापूरहोळकडच्या आनंदरावांच्या घरातून विचारणा झालेली. बहिणीला असलं काही आहे म्हटल्यावर ते लोक उंबऱ्याशी तरी येतील का? कमळाबाई म्हणाली, "पर जाऊबाई, डाक्टर म्हणलं..." अंबूबाई म्हणाली, डॉक्टरांना पोरी उजवायच्या नाहीत. मग बसल्या जागी तिनं तोड काढली. सांगायचं, की रतनचा मेंगाईला नवस आहे, तो फिटेपर्यंत पोर धान्याला शिवणार नाही. देवीचं नाव निघालं की कुणी फाटे फोडत नाही.

आणि खरंच कुणी फोडले नाहीत. उलट रतनचा मान वाढला. बायका तिला वाटेत थांबवून पाया पडू लागल्या. नवसाच्या पोरीला अंडं कसं चालतं हे कुणी विचारायला नको, म्हणून अंबूबाई टरफलं पहाटेच उकिरड्यात पुरायची. आपल्या हुशारीचं तिला थोडं कौतुकही वाटायचं, खोटं का बोला.

महिन्याभरात पाचाचं दोनावर आलं. दोन महिन्यांत आठवड्यातून एकदा. श्रावण, भादवा, आश्विन, तीन महिने ते आलंच नाही. रतन बोलायला लागली ती थांबेनाच. शेळीच्या करडांना नावं देऊ लागली, चुलत्याच्या चालण्याची नक्कल करू लागली. त्याच दिवसांतली ती लोण्याची कुरकुर. कुरकुर करण्याएवढी पोर शुद्धीवर आहे, यातच अंबूबाईचं पोट भरायचं.

दिवाळीनंतर ते पुन्हा आलं.

कमळाबाईनं तागडी दहादा घासली. भाजी कमी केली, लोणी वाढवलं. पोरीला ओकाऱ्या झाल्या, पण ते येतच राहिलं. पौषात पुन्हा भोरची वाट धरली. डॉक्टरांनी वजनं तपासली, जेवणाच्या वेळा विचारल्या, मग अंबूबाईकडं बघून विचारलं, "बाहेर कुणी काही देत नाही ना? सगळ्यांना सांगितलंय ना?"

"व्हय," अंबूबाई म्हणाली. "समद्यास्नी सांगितलंया."

कमळाबाईनं तिच्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. डॉक्टरांनी तागडी तिच्या हातात परत दिली. मग म्हणाले, की काही पोरांना याचा गुण टिकत नाही, तुमची त्यातलीच दिसते. पोरीला उगाच छळू नका, भाकरी द्या. झोप आणणाऱ्या पुड्या देतो.

घरी आल्यावर नवस फिटला असं वाडीत सांगितलं, आणि रतननं पहिली भाकरी दोन्ही हातांनी धरून खाल्ली. अंबूबाईला तेव्हा बरं वाटलं होतं. पुढं तिला त्याच बरं वाटण्याची लाज वाटायची. माघात एका दुपारी ते आलं आणि थांबेचना. दोन भाकरी थापून व्हाव्यात एवढा वेळ गेला, आणखी गेला. पोर जागी झाली तेव्हा उजवा हात लोंबत होता, आणि करडांना नावं देणाऱ्या तोंडातून "आई" एवढंच यायचं. कुठल्या आईला, तेही कळायचं नाही.

फाल्गुनात फुलाची सुपारी फोडायला कापूरहोळची मंडळी आली. आनंदराव, त्यांची विधवा बहीण आक्काबाई आणि चार पुरुष. ओटीवर पुरुष, माजघरात बायका. रतन खांबाला टेकून डाव्या हातातला भाकरीचा तुकडा चोखत होती. पोर झाडावरून पडली, हात दुखावलाय, असं रायबानं आधीच सांगून ठेवलं होतं. फुला नव्या लुगड्यात मान खाली घालून बसलेली. आक्काबाईंनी तिच्या ओटीत घालायचा नारळ हातात घेतला.

तेवढ्यात शेजारची सखूबाई कौतुकानं पुढं सरकली. मोठ्या मनाची बाई, वाडीत कुणाचं दुखलंखुपलं तर आधी धावणारी. ती आक्काबाईंना सांगू लागली, की या घराला देवी पावली, एवढीशी पोर पण केवढा कडक नवस पार पाडला. त्या पुण्याईत आपलाही खारीचा वाटा आहे.

"नवसाच्या जिवाला फराळ चालतोय की," सखूबाई म्हणाली. "दिवाळीपासनं दर सोमवारी म्या हिला चुलीच्या निखाऱ्यात भाजल्यालं रताळं दिलं, वर गुळाचा खडा. कधी भगर. लई आवडीनं खायची बया. म्याच म्हणलं, घरी सांगू नगं, गुपचूप क्येलेलं पुण्य मोठं असतंया. माझं बघून गुरवीण बी द्याया लागली, गेनबाची म्हातारी बी."

आक्काबाईंना कुंकू लावायला उचललेलं कमळाबाईचं बोट अधांतरीच राहिलं.

अंबूबाईनं मनात महिने मोजले. दिवाळीपासून. म्हणजे लोणी हरलं नव्हतं. डॉक्टरांचं पथ्य चुकलं नव्हतं, पोरही गुण न टिकणाऱ्यांतली नव्हती. त्यांनी विचारलं तेव्हा तिनं व्हय म्हटलं नसतं, तर पोरीच्या तोंडात आज करडांची नावं असती. नवस म्हटल्यावर उपासाचे पदार्थ येणारच, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही सुचलं असतं. तिलाच सुचलं नव्हतं, आणि ती स्वतःला हुशार म्हणवत होती.

अजून तागडी होती. म्हशी होत्या. पुन्हा तीन दिवस उपास, पुन्हा लोणी. हात येईल न येईल, पण ते थांबेल. मात्र या वेळी सखूबाईला सांगायला हवं, गुरविणीला सांगायला हवं, म्हणजे सगळ्या जगालाच. पाहुणे गेल्यावर सांगू, असं तिच्या मनात आलं. लागलीच हेही आलं, की मग लग्न होऊन जाऊ दे म्हणू, मग फुलाचं पहिलं बाळंतपण. ती स्वतःला चांगली ओळखत होती.

तिनं फुलाकडं बघितलं. फुलानं मान वर केली होती, आणि ती अंबूबाईकडं नाही, रतनच्या लोंबत्या हाताकडं बघत होती.

आक्काबाईंनी सहज, भक्तीनं विचारलं, "कशाचा वो नवस बोलला होता?"

उत्तर जिभेवर तयार होतं. इतके महिने घोटलेलं. अंबूबाईनं ते गिळलं.

"नवस न्हवता, आक्काबाई," ती म्हणाली. "आमच्या रतनला फेफरं येतंय. लोण्याच्या पथ्यानं थांबलं हुतं, रताळ्यानं परत आलं. सखूबाईचा दोष न्हाई, तिला कुणी सांगितलंच न्हाई. सांगू नगा, असं म्या म्हणलं हुतं. म्याच."