काचेवर आलेले कृष्णाबाईंचे हात

मित्रांनो, मी एक जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मी बिघडलेला नाही. कन्नड मुलखातल्या राजाजीनगरात, एका घराच्या माळ्यावर, लग्नकार्यातल्या मोठ्या पातेल्यांच्या मागे मला सरकवून ठेवलं आहे. पाहुण्यांनी विचारलं तर घरचे ‘तो जुना, बंद पडलेला’ असं सांगतात. मला राग येतो. बंद पडणं वेगळं आणि बंद करून ठेवणं वेगळं! पण तक्रार करायला मी बोलत नाही. एका संध्याकाळची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म १९८५ सालचा, होसकोट्याकडच्या एका कारखान्यातला. लांब बाकावर ओळीने बसलेल्या मुलींनी माझ्या आतल्या तारा जोडल्या. त्यांचे चेहरे मी पाहिले नाहीत, कारण तेव्हा मला काचच बसवलेली नव्हती. त्यांची बोटं तेवढी कळली. या घरचे कर्ते विठोजी, त्यांनी मला मोठ्या हौसेने घरी आणलं आणि हळदकुंकू लावलं. तेव्हा मला सरकणारी लाकडी दारं होती. एका अंगणाभोवतीच्या आमच्या आठ घरांतली माणसं रविवारी दाराबाहेर चपला काढून माझ्यासमोर बसायची. मी फार मिजाशीत होतो.

पुढे विठोजी गेले, त्यांचा मुलगाही गेला. घरात तिघी उरल्या. विठोजींच्या पत्नी जमनाबाई, कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला जाणाऱ्या त्यांच्या सूनबाई कृष्णाबाई आणि दहावीत शिकणारी नात पवित्रा. माझी दारं तोवर अडकायला लागली होती, आणि तापलो की माझं चित्र वरवर सरकायचं. उजव्या कुशीत एक थापड बसली की जागेवर यायचं.

१९९६ साली दर बुधवारी संध्याकाळी साडेसातला ‘ऊटद बेल्लु’ नावाची कन्नड विनोदी मालिका लागायची. ऊटद बेल्लु म्हणजे जेवणाची घंटा. कपडे शिवणाऱ्या सहा बायका, त्यांची अर्ध्या तासाची डब्याची सुट्टी, एकमेकींच्या भाजीत घातलेले हात, चुकलेली बस आणि संडासाबाहेर घड्याळ बघत उभा राहणारा सुपरवायझर. आनेकलहून पहाटेची बस धरून येणाऱ्या बायकाही ती बघायच्या आणि दुसऱ्या दिवशी मशीनवर तीच वाक्यं बोलायच्या. कृष्णाबाईंच्या कारखान्यातल्या साहेबांना हे झोंबलं. फाटकावर नोटीस लागली की मालिकेच्या लोकांशी जो संबंध ठेवील, त्याला कामावरून काढण्यात येईल.

आणि कृष्णाबाई तर त्या नोटिशीनंतर एक दिवस चित्रीकरणाला जाऊन आल्या होत्या! मालिकेतल्या नटीला मशीन चालवता येईना, म्हणून जवळून दाखवायला खऱ्या शिवणाऱ्या बाईचे हात हवे होते. ‘अत्तेंना आस्पत्रेत ठेवलंय’, म्हणजे सासूबाई इस्पितळात आहेत, असं कारखान्यात सांगून कृष्णाबाईंनी रजा काढली आणि हात देऊन आल्या. चेहरा दिसणार नव्हता, त्यामुळे त्या निर्धास्त होत्या. चहाच्या वेळी त्यांनी तिथल्या लोकांना कारखान्यातल्या चार गमतीही सांगितल्या. एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात आली नाही. शिवण संपली की त्या कात्री घेत नसत. दोरा करंगळीशेजारच्या बोटाला गुंडाळून झटक्याने तोडत. त्यावरून त्यांचे सुपरवायझर कल्लाप्पा रोज ओरडत. तेच कल्लाप्पा आता रोज अत्तेंची चौकशी करत होते, आणि कृष्णाबाई रोज ‘घरी आणलंय, पण अजून उठत नाहीत’ म्हणत होत्या.

तो भाग लागायच्या बुधवारी, सव्वासातला, कल्लाप्पा आमच्या दारात उभे राहिले. हातात ब्रेड आणि मोसंबी, कानावर पेन्सिल. ते बेळगावकडचे.

“काय कृष्णाबाई, अत्ते कशा हायत? म्हटलं बघून जावं. आणि आमच्या गल्लीतली फेज गेलीय. ते ऊटद बेल्लु स्वल्प बघून जातो, चालंल न्हवं?”

“या की सार, बसा,” कृष्णाबाई म्हणाल्या. नाही म्हणायला काही कारण सुचेना.

जमनाबाई माझ्यासमोर बसून कोडबळे खात होत्या. त्यांनी ताटली खाटेखाली ढकलली, आडव्या झाल्या आणि हनुवटीपर्यंत कांबळं ओढलं. कृष्णाबाईंनी पवित्राला माझ्या बाजूच्या दारापाशी ओढलं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

“वर जा. अँटेना धरून ऱ्हा. मी ‘साकु’ म्हणून ओरडले की फिरव. चित्र जाऊ दे.” साकु म्हणजे पुरे.

“मग तुला पण दिसायचं नाही की, आई.”

“नको दिसू दे. माझं काम गेलं तर तुला शाळा सोडून मशीनवर बसावं लागंल. जा!”

पवित्रा गच्चीवर पळाली. मित्रांनो, मी फार घाबरलो. आज तरी चित्र सरकावं म्हणून मी जीव एकवटला. पण मेलं त्या दिवशी ते इतकं स्वच्छ आलं की मालिकेतल्या बायकांच्या डब्यातली शितं मोजावीत.

पहिला अर्धा भाग सरळ गेला. कल्लाप्पा खुशीत हसत होते. जमनाबाई मधूनमधून कण्हत होत्या. आणि मग ते आले. कृष्णाबाईंचे हात, माझ्या काचेभर.

कापड पुढे सरकत होतं, बोटं कॉलरच्या टोकाशी वळत होती. कृष्णाबाईंनी ओरडायला तोंड उघडलं. शब्द आलाच नाही. अकरा वर्षं त्या हातांनी लोकांचे शर्ट शिवले होते, पण त्या हातांकडे असं टक लावून कुणीच पाहिलं नव्हतं, त्यांनी स्वतःही नाही. त्यांचे डोळे भरून आले. काचेवरच्या हातांनी दोरा बोटाला गुंडाळला आणि झटक्याने तोडला.

कल्लाप्पा पुढे झुकले. “ह्यो झटका...” एवढंच म्हणाले आणि त्यांनी वळून कृष्णाबाईंच्या हातांकडे पाहिलं. कृष्णाबाईंनी हात पदराखाली घेतले. वरून पवित्राची हाक आली, “आई! फिरवू का?” मला वाटलं, संपलं. या घराची चूल आता विझली.

तेवढ्यात माझ्या काचेवर सुपरवायझर आला. सहाही बायकांना उभं करून तो हरवलेली पेन्सिल शोधायला लागला. खिसे झाले, टेबलाखाली झालं, बायकांचे डबेही उघडून झाले, आणि पेन्सिल त्याच्या कानावर! कृष्णाबाईंनी चहाच्या वेळी सांगितलेल्या गमतींपैकी ही एक होती. जमनाबाईंना राहवेना. त्या कांबळं फेकून उठून बसल्या आणि खदखदून हसल्या. कल्लाप्पाही सवयीने हसले. हसता हसता त्यांचा हात कानाकडे गेला, आणि तिथेच थांबला.

माझ्यावर जाहिरात लागली होती, ती कुणी बघत नव्हतं.

कल्लाप्पांनी पेन्सिल काढून खिशात ठेवली. कृष्णाबाईंचं नाव साहेबांना कळवायचं, तर भाग कुठला तेही सांगावं लागणार होतं, आणि मग पेन्सिलवाला कोण हे अख्ख्या कारखान्याला कळलं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर हा हिशेब मी स्पष्ट पाहिला. ते उठले. जमनाबाईंसमोर मोसंबी ठेवली.

“अत्तेंना आता बरं वाटतंय म्हणायचं,” ते म्हणाले. दारात चपला घालताना थांबले. “अक्का, उद्या वेळेवर या. आणि दोऱ्याला कात्री घेत जावा.”

“सरी, सार, येते वेळेवर,” कृष्णाबाई कशाबशा बोलल्या.

पवित्रा धापा टाकत खाली आली. वाऱ्यात अँटेना धरून तिचे तळवे लाल झाले होते. “काय झालं? मी धरूनच उभी होते! दिसले का हात?”

तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. ते हात कल्लाप्पांनी पाहिले, जमनाबाईंनी पाहिले. एकट्या पवित्राने पाहिले नव्हते. “परत लावतील की,” जमनाबाई म्हणाल्या. पण तो भाग कधीच परत लागला नाही. आणि मी टीव्ही आहे, मित्रांनो. मी दाखवतो, साठवू शकत नाही. इतकं वाईट मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

पवित्रा रडवेली झाली. मग कृष्णाबाईंनी पदराचा एक सुटलेला दोरा ओढला, बोटाला गुंडाळला आणि झटक्याने तोडला. “हे एवढंच होतं गं.”

“परत कर,” पवित्रा म्हणाली. तिने आईचा हात दिव्याखाली धरला. नखातून सुई गेल्याची जुनी खूण तिने तेव्हा पहिल्यांदा पाहिली. रोज त्याच हाताने वाढलेलं ती जेवत होती.

पवित्रा शिकली, नोकरीला लागली, रंगीत टीव्ही आला आणि मी माळ्यावर आलो. दिवाळीच्या साफसफाईत ती माझी काच पुसते आणि थोडा वेळ त्या काचेकडे बघत बसते. मला जपा असं मी म्हणत नाही, माझं चाललंय. पण आज घरी गेल्यावर आईचे हात उजेडात धरून एकदा नीट बघा. त्यासाठी टीव्ही लागत नाही, आणि अँटेना धरून कुणाला गच्चीवर उभं राहावं लागत नाही.