सासरी थांबणारा डब्बा

दिव्यानीच्या रुखवतात शिलाई मशीन नव्हती, ड्रेसिंग टेबलही नव्हता. चकल्या, अनारसे, मण्यांचा गणपती आणि या सगळ्यांच्या मधोमध एक काळा डब्बा होता. एका बाजूनं काच, आत निळे-लाल दिवे फिरणारे. लग्न ऐन मे महिन्यातलं, त्यामुळे मांडवातल्या बायांना तो नव्या तऱ्हेचा कूलर वाटला. तिघी-चौघी वारा येतो का पाहायला त्याच्यापुढे उभ्याही राहिल्या. दिव्यानीनं सांगितलं, हा माझा कॉम्प्युटर, खेळायचा, एकेक भाग जमवून मीच जोडला. तशा त्या बाया दोन पावलं मागे सरकल्या. नवरी आणि खेळ हे शब्द आमच्या गावात तोवर एका वाक्यात आले नव्हते.

सासू आशाबाई मात्र मागे सरकली नाही. डब्ब्याच्या भोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, ठीक आहे, कोपऱ्यात मावेल.

आमचं गाव ब्रह्मपुरीपासून सात किलोमीटर. आशाबाईच्या घरात माणसं तीनच. आशाबाई, ब्रह्मपुरीला बियाण्यांच्या दुकानात नोकरीला जाणारा तिचा मुलगा आदेश, आणि आता दिव्यानी. मी समोरच्या घरात राहतो. दुसऱ्याच्या घरात कोण किती वाजता आलं आणि काय घेऊन गेलं हे मला कुणी विचारत नाही, पण विचारलं तर सांगता आलं पाहिजे, असं माझं मत आहे.

खेळ असा होता. पाच मुली, पाचही आपापल्या घरी, कानाला हेडफोन लावून एकमेकींशी बोलत. समोर तशाच पाच. पडद्यावर एक जुना कारखाना, तो राखायचा किंवा घ्यायचा. यांच्या चमूची कप्तान गडचांदूरची रिंकू. एक मुलगी ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये, दोघी नागपुरात, आणि पाचवी आमची दिव्यानी. हिचं काम कारखान्याचं मागचं दार राखण्याचं. पुढं धावणाऱ्या चौघींचं नाव होतं, मागच्या दारावर उभी राहणारीच्या जिवावर. घरातल्या सुनेचंही बहुतेक असंच असतं, पण ते जाऊ द्या.

हिवाळ्यात मुलींच्या चमूंची स्पर्धा लागली. दर रविवारी दुपारी दोन वाजता सामना. आणि दिवाळीनंतर डब्बा थांबायला लागला.

थांबायचा म्हणजे खेळ ऐन रंगात असताना चित्र जागच्या जागी थिजायचं. आवाज एकाच सुरावर अडकून घुंऽऽ करत राहायचा. माऊस हलवा, बटणं दाबा, काही नाही. डब्बा पूर्ण बंद करून परत चालू करावा लागे, आणि तोवर पडद्यावरची दिव्यानी मागच्या दारात पुतळ्यासारखी उभी. समोरच्या मुली काय नमस्कार करून जाणार? दोन सामने असे गेले. दुसऱ्यानंतर रिंकू तिला म्हणाली, "राग नको मानू दिव्यानी. येत्या रविवारी अजून थांबलं तं मी दुसरी पोरगी घेतो. बाकी चौघींचाबी खेळ हाय."

दिव्यानीनं राग मानला नाही. रिंकूच्या जागी आपण असतो तर तेच केलं असतं, असं ती आदेशला म्हणाली. त्या दिवशी तिनं भाजीत मीठ मात्र दोनदा टाकलं.

सोमवारपासून त्या घरात सल्ल्यांची आवक सुरू झाली. मी अकरापर्यंत मोजले. शाळेतल्या गुरुजींनी व्हायरस सांगितला. त्यांच्या मते गावातली निम्मी दुखणी व्हायरसची असतात. गल्लीतल्या ठमाबाईनं नजर सांगितली, आणि ती रुखवतातच लागली हेही सांगितलं. डब्ब्यापुढे सगळ्यात जास्त वेळ उभी होती ती स्वतःच. शेजारच्या लच्छूनं सांगण्यात वेळ न घालवता डब्ब्याच्या बाजूवर दोन थापा मारल्या, कारण त्याचा टीव्ही तसा चालतो. दिव्यानीनं त्याला चहा पाजला आणि हात धरून बाहेर नेऊन बसवलं.

उपयोगाचा माणूस एकच, ब्रह्मपुरीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान असलेला हेमराज. तो बोलायचा कमी. त्यानं दिव्यानीला एक शिस्त लावून दिली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि डब्बा थांबला की वहीत लिहायचं: तारीख, वेळ, किती मिनिटांनी थांबला, घरात तेव्हा आणखी काय चालू होतं. वही मला फार आवडली. दिव्यानीनं पंख्यांतली धूळ काढली, फरक नाही. हेमराजनं प्रोसेसरवरचा सुकलेला लेप पुसून नवा लावला, फरक नाही. रॅम बदलून पाहिली, विंडोज नव्यानं टाकलं. वहीत चार ओळी वाढल्या आणि डब्बा चारही वेळा थांबला.

शेवटी मंगळवारी रात्री हेमराज तो दुकानात घेऊन गेला. दोन दिवस तोच खेळ त्यानं सकाळी दुकान उघडल्यापासून चालू ठेवला. गुरुवारी त्याचा फोन आला की इथं तर बैलासारखा चालतोय, एकदाही थांबला नाही, घेऊन जा. आदेशनं संध्याकाळी मोटारसायकलच्या टाकीवर ठेवून, पोटाशी धरून घरी आणला. चाळीसाव्या मिनिटाला थांबला.

आता गल्लीला खरा विषय मिळाला. लग्नाआधी दोन वर्षं माहेरी डब्बा कधी थांबला नव्हता. दुकानात थांबत नाही. मग सासरीच काऊन थांबते? असा सवाल ठमाबाईनं चक्कीवर दळण देताना केला, आणि तो आशाबाईकडं पाठ करूनच केला. म्हणजे पाठ फक्त केली, आवाज कमी केला नाही. सासू डब्ब्यावर जळते, मागच्या मागं तार काढते, असं दुसरीनं पुरवलं. आशाबाईनं पिठाचा डबा उचलला आणि घरी आली. खरं तर या बाईनं दर रविवारी दुपारची आपली मालिका सोडली होती, कारण टीव्हीचा आवाज खेळात जातो. पण चक्कीवर हे कोण लिहून ठेवणार?

शुक्रवारी सकाळी काय झालं ते दोघींनी मला वेगवेगळं सांगितलं, आणि दोन्हीकडचा हिशेब जुळला, म्हणून इथं देतो.

दिव्यानी वही घेऊन बसली होती. शेवटचा उपाय म्हणून घरातली एकेक विजेची वस्तू बंद करून पाहायची असं तिनं ठरवलं, आणि सासूला म्हणाली की फ्रिजचं बटण बंद करता का. आशाबाई उठली. फ्रिजकडे जाण्याआधी दारात गेली, चप्पल घातली आणि स्वयंपाकघरात आली. आता आशाबाईच्या स्वयंपाकघरात चप्पल म्हणजे देवळात चप्पल. आदेशला त्यावरून लहानपणी मार बसलेला आहे. दिव्यानी पाहतच राहिली.

"आई, चप्पल काऊन घातली तुमी?"

"पायाले थंडी वाजते." आशाबाईनं बटण बंद केलं आणि वळून सुनेच्या पायांकडं पाहिलं. "तू तं खेळताना पाय पाटावर ठेवतं. ते काऊन?"

"मलेबी थंडी वाजते."

जानेवारी होता, थंडीचं कारण खोटं म्हणता आलं नसतं. पण दोघींनाही ते पटलं नाही. शेवटी दिव्यानीनंच विचारलं, "आई, फ्रिज झिणझिण करते का?"

"दिवाळीपासून," आशाबाई म्हणाली. "हात लावला का मुंग्या येतात. मले वाटलं, नवं सिंक बसवलं त्याच्यानं होते. तू माझ्या गुडघ्यांसाठी बसवलं, तं कसं सांगू?"

दिव्यानी म्हणाली, "डब्बाबी करते. काचेजवळच्या पत्र्याले हात लागला का. मले वाटलं, सांगितलं तं तुमी बंदच कराल."

म्हणजे पाहा. गल्ली म्हणत होती, या दोघींचं जमत नाही. आणि या दोघी एकमेकींना वाईट वाटू नये म्हणून अडीच महिने एकच झटका वेगवेगळ्या खोल्यांत खात होत्या. भांडणाऱ्या सासू-सुना असत्या तर दुसऱ्याच दिवशी उलगडा झाला असता.

त्यांनी झिंगूभाऊला बोलावलं. झिंगूभाऊ आमच्या गावचा जुना वायरमन; निम्म्या घरांची वायरिंग त्याच्या हातची. आला, डब्ब्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. फ्रिज परत चालू करून त्याला टेस्टर लावला, टेस्टरचा दिवा लागला. मग त्यानं टेस्टर खिशात ठेवला आणि विचारलं, "आशाबाई, भांडे कुठी घासून राह्यले जी आता?"

आशाबाईला वाटलं, म्हातारपणी याचं डोकं फिरलं. तिनं सिंककडं बोट दाखवलं. दसऱ्याला बसवलं, सांडपाणी पाइपानं थेट रस्त्याच्या नालीत.

झिंगूभाऊ मागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, गेला. तिथं भिंतीला लागून एक दगड होता. बावीस वर्षं आशाबाईनं त्याच्यावर बसून भांडी घासली होती. दगडाजवळच जमिनीत गाडलेला लोखंडी पाइप, वरचं टोक तेवढं दिसणारं. ती घराची अर्थिंग. वीज चुकून कुठल्या पत्र्यात उतरली तर तिला जमिनीत जायची वाट. वाट ओल्या मातीत चालते, कोरड्या मातीत बंद पडते. म्हणून झिंगूभाऊनं तो पाइप मुद्दाम भांडी घासायच्या जागी गाडला होता, रोज दोन वेळा पाणी मिळावं म्हणून, आणि तसं कुणाला सांगायची गरज त्याला वाटली नव्हती. बाई भांडी घासायचं सोडेल हे त्याच्या हिशेबात नव्हतं. आता माती हातात घेतली तर पिठासारखी निसटत होती.

त्यानं एका होल्डरला दोन तारा जोडून बल्ब लावला. एक तार विजेची, दुसरी अर्थिंगच्या पाइपाची. बल्बच्या आतली तार तेवढी लालसर दिसली, उदबत्तीच्या टोकासारखी. मग म्हणाला, पाणी आणा. आदेश त्या दिवशी दुकानात उशिरा गेला. दहा बादल्या पाणी आणि दोन किलो जाडं मीठ त्या खड्ड्यात गेलं. माती पहिल्या चार बादल्या तर आवाज करत प्यायली. आठव्या बादलीला बल्ब पिवळा झाला, दहाव्याला अंगणभर उजेड पडला. दिव्यानी स्वयंपाकघरात पळाली आणि फ्रिजवर सरळ पंजा ठेवला. काही नाही.

तिनं हेमराजला फोन केला. माझ्या दुकानात अर्थिंग ताजी आहे हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, असं तो म्हणाला. भटकी वीज हेडफोन-माऊसच्या तारांतून डब्ब्यात शिरत असेल आणि खेळाच्या जोरात त्याचं डोकं बधिर करत असेल, असा त्याचा अंदाज. पण खात्री चालवूनच होईल. शनिवारी आदेशनं सुट्टी काढली, सिंकचा पाइप नालीतून काढून खोदत खोदत त्या कोपऱ्याकडं वळवला. आत दिव्यानी सलग पाच तास खेळली. पाय जमिनीवर. वहीत ओळ वाढली नाही.

तरीही रविवारी घरात धाकधूक होतीच. आदल्या रात्री गावात पहाटेपर्यंत चाललेलं नाटक होतं, त्यामुळे गल्ली दुपारपर्यंत जांभया देत होती. पण दोन वाजता सगळे जागे होऊन आशाबाईच्या दारात. ठमाबाई सर्वांत पुढे. मीही गेलो, कुणीतरी नोंद घ्यायला हवी होती.

पहिला अर्धा सामना या मुली हरल्या. आम्हाला ते कळलंही नाही, आम्ही चित्र हलतंय की नाही एवढंच पाहत होतो. चाळीसावं मिनिट आलं तेव्हा दारात कुणी श्वास घेत नव्हतं. आशाबाई सुनेच्या खुर्चीमागं उभी, पदराचं टोक मुठीत. एक्केचाळीस. बेचाळीस. चित्र हलत होतं.

त्यानंतर दिव्यानी खेळली. तोवर ती डब्ब्याला सांभाळत होती, आता मागचं दार सांभाळायला लागली. दोन फेऱ्या जिंकून बरोबरी झाली. शेवटच्या फेरीत रिंकू पडली, नागपूरच्या दोघी पडल्या, ऊर्जानगरवाली पडली. कारखान्यात दिव्यानी एकटी आणि समोरच्या दोघी. पहिलीला तिनं दारातच गाठलं. दुसरी येईना. घड्याळ उलटं चाललं होतं, अकरा सेकंद, आठ, आणि दिव्यानी जागची हलेना. लच्छू पुटपुटला, थांबला वाटते. आशाबाईनं त्याच्याकडं न पाहता हातानंच गप्प केलं. दिव्यानीच्या बोटांवर तिची नजर होती, आणि बोटं ताठ होती. तीन सेकंदांवर दुसरी मुलगी खिडकीतून आली, आणि दिव्यानी तिचीच वाट पाहत होती.

हेडफोनमधून चौघींचा कल्ला दारापर्यंत ऐकू आला. मग रिंकूचं काहीतरी बोलणं झालं, आणि दिव्यानी नुसती हो, हो म्हणत राहिली. तिनं हेडफोन काढला तेव्हा कान लाल झाले होते.

"काय म्हणे?" आशाबाईनं विचारलं.

"जागा माझीच हाय म्हणे. पुढच्या फेरीचा सराव मंगळवारी, सांजच्या सहा वाजता." मग आवाज खाली आणून म्हणाली, "सैपाकाची वेळ हाय, आई. मी सांगतो तिले, आठले ठेव म्हणून."

आशाबाईनं क्षणभर विचार केला आणि दाराकडं पाहिलं. दारात आदेश उभा होता, हाताला शनिवारच्या खोदकामाचे फोड.

"नको सांगू," ती म्हणाली. "मंगळवारी भात आदेश टाकते."

आदेशनं मान हलवली. त्याला कुणी विचारलं नव्हतं, पण किती तांदूळ घ्यायचे ते त्यानं लगेच विचारून घेतलं.